एकाच टेबलावर प्रचार, प्रसिद्धी आणि पोलीस तपास : २३ जून १९७२ च्या संभाषणाचा प्रकरण अभ्यास

शुक्रवार, २३ जून १९७२ रोजी सकाळी दहाच्या सुमारास अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि त्यांचे चीफ ऑफ स्टाफ एच. आर. हाल्डेमन व्हाइट हाउसमधील ओव्हल ऑफिसात बोलायला बसले. हे बोलणे सुमारे दीड तास चालले. फेब्रुवारी १९७१ पासून त्या खोलीत आवाजाने आपोआप सुरू होणारी ध्वनिमुद्रण यंत्रणा होती, त्यामुळे या बैठकीतील जवळजवळ प्रत्येक वाक्य आज अभ्यासकांसमोर आहे. दोन वर्षांनी याच ध्वनिफितीने निक्सन यांचे अध्यक्षपद संपवले. त्या वेळी आणि त्यानंतरही सगळ्यांचे लक्ष तिच्यातील मोजक्या मिनिटांवर राहिले, कारण वॉटरगेट घरफोडीचा एफबीआयचा (अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेचा) तपास थांबवण्याचे ठरले ते त्याच मिनिटांत. प्रस्तुत अभ्यासाचा आग्रह असा आहे, की ही मिनिटे बाजूला काढून न पाहता संपूर्ण सकाळच्या संदर्भात वाचावीत. पुनर्निवडणुकीचा प्रचार, वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणी यांतील प्रसिद्धी आणि सरकारी यंत्रणेचा वापर हे तीन विषय ज्या सहजतेने एकामागून एक येतात, ती सहजता हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. तपास थांबवण्याचा हुकूम अध्यक्षांनी स्वतः सुचून दिलेला नाही. तो प्रस्ताव म्हणून सहायकाने आणला आणि अध्यक्षांनी मान्य केला. अध्यक्षांची जबाबदारी यामुळे तसूभरही कमी होत नाही, पण चूक कोणत्या दाराने आत आली हे त्यातून कळते.

दोघांची घडण

निक्सन यांचा पत्रकारांवरचा राग १९७२ मध्ये नवा नव्हता. उपाध्यक्षपदाचे उमेदवार असताना निधीच्या आरोपांनी त्यांची उमेदवारी धोक्यात आली, तेव्हा २३ सप्टेंबर १९५२ रोजी त्यांनी दूरचित्रवाणीवरून थेट जनतेसमोर आपली बाजू मांडली आणि ते तरले. त्यातून त्यांनी जो धडा घेतला तो आयुष्यभर पुरला : मधल्या बातमीदाराला वगळून लोकांपर्यंत पोहोचता येते. १९६० मध्ये केनेडी यांच्याकडून अगदी थोड्या मतांनी झालेला पराभव आणि १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीतील पराभव या दोन्हींचे खापर त्यांनी मोठ्या प्रमाणात वृत्तपत्रांवर फोडले. १९६२ च्या पराभवानंतर, आता ठोसे मारायला तुम्हाला निक्सन मिळणार नाही, असे त्यांनी पत्रकारांना तोंडावर सुनावले होते. त्या पराभूत प्रचाराचे व्यवस्थापक हाल्डेमन होते.

हाल्डेमन यांची कारकीर्द जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीच्या लॉस एंजेलिस कार्यालयात घडली. अध्यक्षांचे प्रसिद्धी सचिव रॉन झीग्लर हेही त्याच कंपनीतून आले. राजकीय माणूस मतदारसंघांचा विचार करतो. जाहिरातीच्या धंद्यातला माणूस उद्या संध्याकाळी पडद्यावर कोणते दृश्य दिसेल याचा विचार करतो. हाल्डेमन पिवळ्या कागदाच्या वहीत अध्यक्षांचा प्रत्येक शब्द टिपून घेत, त्यातून कामे ठरवत आणि ती झाली की नाही याचा पाठपुरावा करत. पॅट ब्यूकॅनन आणि मॉर्ट ॲलिन यांच्या देखरेखीखाली रोज तयार होणारा बातम्यांचा गोषवारा अध्यक्षांच्या टेबलावर जाई. समासात ते रागाचे, सूचनांचे आणि चौकशांचे शेरे मारत आणि ते शेरे हाल्डेमन यांच्या कार्यालयातून आदेश होऊन बाहेर पडत. अशा व्यवस्थेत वाईट बातमी ही माहिती न राहता काम बनते. तिच्यावर कोणीतरी काहीतरी करायचे असते.

हाल्डेमन यांना केवळ होयबा म्हणणे अन्यायाचे ठरेल. अध्यक्षांनी रागाच्या भरात दिलेले काही हुकूम आपण जाणूनबुजून बाजूला ठेवले, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. या चाळणीचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण २३ जूनला ती का चालली नाही, हा या अभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

भीती कुठून आली

१९६८ ची निवडणूक निक्सन यांनी ४३.४ टक्के मतांवर जिंकली होती; ह्युबर्ट हम्फ्री यांना ४२.७ टक्के मते होती. १९७० च्या मध्यावधी निवडणुकांत रिपब्लिकन पक्षाला हवे ते यश मिळाले नाही आणि १९७१ च्या सुरुवातीला डेमोक्रॅट सिनेटर एडमंड मस्की काही जनमत चाचण्यांत निक्सन यांच्या पुढे होते. निक्सन यांच्या पुनर्निवडणूक समितीची गुप्त कामांची यंत्रणा या काळातल्या मनःस्थितीतून जन्मली. समितीचे वकील गॉर्डन लिडी यांनी हेरगिरीची योजना २७ जानेवारी १९७२ रोजी आणि पुन्हा ४ फेब्रुवारीला, चक्क ॲटर्नी जनरल जॉन मिचेल यांच्या कार्यालयात मांडली. पहिला आराखडा १० लाख डॉलरचा होता. तो घटत घटत अडीच लाखांवर आला. देशाच्या कायदा खात्याचा प्रमुख आपल्या कार्यालयात बसून घरफोडीचे अंदाजपत्रक ऐकतो आणि त्याची हरकत प्रामुख्याने खर्चाला असते, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

मात्र ही योजना पक्की होईपर्यंत तिची गरज, राजकीय हिशोबानेही, उरली नव्हती. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या, ७ मार्चच्या न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक फेरीत मस्की पहिले आले, पण अपेक्षेपेक्षा कमी मतांनी, आणि त्यानंतर ते सावरले नाहीत. डेमोक्रॅटिक उमेदवारी जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्याकडे सरकू लागली, ज्यांच्याशी लढणे निक्सन यांना सर्वांत सोपे होते. २१ ते २८ फेब्रुवारी या काळातील चीनच्या दौऱ्याने निक्सन यांची प्रतिमा पालटली. त्या दौऱ्याच्या आखणीत हाल्डेमन यांचे कसब पूर्ण दिसते. दूरचित्रवाणीच्या माणसांना छापील पत्रकारांपेक्षा झुकते माप मिळाले, विमानातून उतरून चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांच्याशी हस्तांदोलन करताना अध्यक्ष एकटेच दिसतील याची काळजी घेतली गेली, आणि परतताना अलास्कात काही तास थांबून विमान वॉशिंग्टनजवळ उतरले ते लोक घरोघरी दूरचित्रवाणीसमोर बसलेले असतील अशा वेळी. मे महिन्यात मॉस्कोत अण्वस्त्र मर्यादा करार झाला. निवडणूक जवळजवळ खिशात होती.

भारतीय वाचकाने येथे एक दुवा ध्यानात घ्यावा. चीनला जाण्याची गुप्त वाट पाकिस्तानच्या याह्या खान यांच्यामार्फत खुली झाली होती, आणि पूर्व पाकिस्तानात कत्तल चालू असताना, एप्रिल १९७१ मध्ये, याह्या यांच्यावर सध्या दबाव आणू नये अशी सूचना निक्सन यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली. त्यामागे परराष्ट्र धोरणाचे हेतू होते हे खरे. पण त्याच चीनभेटीतून पुनर्निवडणुकीचे सर्वांत मोठे दृश्य उभे राहिले हेही खरे. लाखो निर्वासितांचा भार उचलणाऱ्या आपल्या देशाला त्या धोरणाची झळ सोसावी लागली. पुढे स्तंभलेखक जॅक अँडरसन यांनी पाकिस्तानकडे कललेल्या या धोरणाची गुप्त कागदपत्रे छापली, तेव्हा व्हाइट हाउसमध्ये धावपळ झाली ती प्रामुख्याने कागद कोणी फोडले हे शोधण्यासाठी.

त्या सकाळचे बोलणे

१७ जूनच्या पहाटे वॉटरगेट संकुलातील डेमोक्रॅटिक पक्षाच्या मुख्य कार्यालयात याच योजनेनुसार शिरलेले पाच जण पकडले गेले. झीग्लर यांनी १९ जूनला ही तिसऱ्या दर्जाची घरफोडी असल्याचे सांगून विषय झटकून टाकला. २२ जूनच्या पत्रकार परिषदेत निक्सन यांनी व्हाइट हाउसचा या घटनेशी कसलाही संबंध नसल्याचे सांगितले. दुसऱ्याच दिवशी सकाळी हाल्डेमन आपली वही घेऊन आले.

त्यांच्या निवेदनाचा सूर समजून घेतला पाहिजे. एफबीआय आपल्या ताब्यात नाही, कारण तिचे हंगामी संचालक पॅट ग्रे यांना तिला आवरता येत नाही, असे ते सांगतात. तपास आता पैशाच्या मागावर लागला असून बँकेपर्यंत पोहोचला आहे. ही माहिती अचूक होती : मेक्सिकोतून फिरून आलेले ८९,००० डॉलरचे धनादेश आणि आणखी २५,००० डॉलरचा एक धनादेश, हे सर्व प्रचारासाठीचे पैसे, पकडलेल्यांपैकी बर्नार्ड बार्कर यांच्या मायामीतील खात्यात जमा झाले होते. मग उपाय येतो. तो मिचेल यांनी (ते आता पुनर्निवडणूक समितीचे प्रमुख होते) सुचवला आहे आणि अध्यक्षांचे वकील जॉन डीन यांनी रात्री तपासून त्याला दुजोरा दिला आहे, असे सांगून हाल्डेमन मांडतात, की गुप्तचर संस्था सीआयएचे उपसंचालक व्हर्नन वॉल्टर्स यांनी ग्रे यांना बोलावून या प्रकरणापासून दूर राहण्यास सांगावे. आणि याच ओघात, श्वास न बदलता, ते नोंदवतात, की आदल्या रात्री या घटनेकडे लक्ष देणारे एनबीसी हे एकमेव दूरचित्रवाणी नेटवर्क होते व त्याने क्यूबन लोकांवर लांबलचक बातमी केली.

या जोडणीपाशी थांबायला हवे. पकडलेले लोक क्यूबाशी संबंधित असल्याची समजूत पसरल्यामुळे सीआयएचे नाव पुढे करणे सोपे होणार होते. म्हणजे दूरचित्रवाणीवरची बातमी हीच तपास दडपण्याच्या सबबीची पूर्वतयारी ठरत होती. हाल्डेमन बातमीचे मूल्यमापन आणि गुन्ह्याचे नियोजन ही दोन कामे वेगळी करत नाहीत, कारण त्यांच्या वहीत ती एकाच यादीतली आहेत. मिचेल यांना या घरफोडीची माहिती होती का, असे निक्सन विचारतात. तपशील नसावा, पण कल्पना असावी, असे उत्तर मिळते. पुढे निक्सन म्हणतात, की समोरचे कठोर खेळतात, तसे आपणही खेळायचे. कायद्याचा प्रश्न कोणी विचारत नाही. हे करता येईल का, यावर बोलणे होते. हे करावे का, यावर एक वाक्यही नाही.

त्याच बैठकीत परकीय चलनाच्या घडामोडीही निघतात. ब्रिटनने पौंड तरता सोडल्याची (त्याचा दर बाजारावर सोपवल्याची) बातमी हाल्डेमन सांगतात आणि इटलीच्या लिराशी आपल्याला काही देणेघेणे नाही, असे म्हणून निक्सन तो विषय उडवून लावतात. कुटुंबीयांनी प्रचारात कुठे दिसावे याची चर्चा होते आणि कलाक्षेत्रातील कार्यक्रमांपासून त्यांना दूर ठेवावे असे निक्सन बजावतात. त्यासाठी ते कलावंतांविषयी ज्यूद्वेषाने भरलेले उद्गार काढतात. हाल्डेमन यांनी आपले आत्मकथनपर पुस्तक पुन्हा वाचावे असेही ते सांगतात. न्यायप्रक्रियेत अडथळा आणण्याचा निर्णय या सगळ्याच्या बरोबरीने, त्याच आवाजात, त्याच गतीने झाला.

आता चाळणीचा प्रश्न. हाल्डेमन वरून खाली येणारे अविचारी हुकूम अडवू शकत होते. खालून वर जाणारा अविचारी उपाय अडवण्याची जागाच त्या कार्यालयात नव्हती. मिचेल प्रचारप्रमुख या नात्याने स्वतः अडचणीत होते. डीन वकील असूनही पेचप्रसंग मिटवण्याच्या कामाला जुंपलेले होते. ग्रे हे एफबीआयचे दीर्घकाळचे संचालक एडगर हूवर यांच्या २ मे १९७२ रोजी झालेल्या मृत्यूनंतर नेमलेले हंगामी संचालक होते आणि कायम होण्याची आशा बाळगून होते. उपाय सुचवणारा, तपासणारा, मांडणारा आणि अमलात आणणारा असे सर्व एकाच बाजूचे निघाले. अध्यक्षांसमोर कागद आला तो तीन शिफारशींचा भार घेऊन, आणि ज्याने त्याला विरोध करायचा तोच तो वाचून दाखवत होता. माझ्या मते हाल्डेमन यांची सर्वांत मोठी चूक हीच. अध्यक्षांचा स्वभाव त्यांना इतर कोणाहीपेक्षा जास्त माहीत होता. आपण आणलेला उपाय नाकारला जाणार नाही हे त्यांना कळायलाच हवे होते.

दुपारी हाल्डेमन आणि अध्यक्षांचे देशांतर्गत धोरणाचे सल्लागार जॉन एर्लिकमन यांनी सीआयएचे संचालक रिचर्ड हेल्म्स आणि वॉल्टर्स यांना निरोप दिला. वॉल्टर्स ग्रे यांना भेटलेही. पण काही दिवसांतच वॉल्टर्स यांनी अंग काढून घेतले, सीआयएच्या हितसंबंधांचा प्रश्नच नसल्याचे स्पष्ट केले, आणि ६ जुलैला खुद्द ग्रे यांनी दूरध्वनीवर अध्यक्षांना सावध केले, की तुमचीच माणसे तुम्हाला प्राणघातक इजा करत आहेत. तपास दोनेक आठवडे लांबला, इतकेच. ज्या कृत्यापायी अध्यक्षपद गेले, त्याचा प्रत्यक्ष लाभ एवढाच होता.

दुसरी वाट होती का

होती, आणि ती राजकीय दृष्ट्याही परवडणारी होती. १७ जूनच्या आठवड्यात मिचेल आणि समितीतील संबंधितांना दूर करून, समितीच्या लोकांनी गुन्हा केला असे सांगून टाकले असते, तर प्रचाराला काही आठवडे हादरा बसला असता. मिचेल यांनी १ जुलैला राजीनामा दिलाच, पण कारण कौटुंबिक सांगितले गेले. आदल्या दिवशीच्या चर्चेत हाल्डेमन यांनी घाईचे कारण स्पष्टपणे मांडले होते : जितका वेळ जाईल तितके वॉटरगेटचे आणखी काही बाहेर येण्याची जोखीम वाढेल. म्हणजे माणूस दूर करण्याचा योग्य निर्णयही त्यांनी घेतला, पण बातमी कशी दिसेल या हिशोबाने, आणि म्हणून त्यातून मिळू शकणारा खरेपणाचा फायदा गमावला.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. ७ नोव्हेंबरला निक्सन यांनी ६०.७ टक्के मते आणि ४९ राज्ये जिंकली. बातमी दाबण्याचे धोरण यशस्वी झाले, असे मग का म्हणू नये? निवडणुकीपुरते ते यशस्वी झाले हे मान्य करावे लागते. बहुतेक दैनिकांनी निक्सन यांनाच पाठिंबा दिला. बहुतांश पत्रकार वॉटरगेटच्या वाटेला गेले नाहीत; वॉशिंग्टन पोस्टच्या शहर विभागातील बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन हे दोन तरुण बातमीदार त्याच्या मागे लागले. १५ सप्टेंबरला सात जणांवर आरोप निश्चित झाले. त्याच दिवशी निक्सन, हाल्डेमन आणि डीन यांच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, की पोस्टला यातून भयंकर त्रास होणार आहे, कारण त्यांच्याकडे दूरचित्रवाणी केंद्र आहे आणि त्याचा परवाना नूतनीकरणाला येणार आहे. वर्ष संपता संपता पोस्टच्या फ्लोरिडातील केंद्रांच्या परवान्यांना आव्हाने दाखल झाली. २७ ऑक्टोबरला सीबीएसवर वॉल्टर क्रॉन्काइट यांनी वॉटरगेटवर तब्बल चौदा मिनिटांचा वृत्तांत दिला, तेव्हा अध्यक्षांचे विशेष सल्लागार चार्ल्स कोल्सन यांनी सीबीएसचे प्रमुख विल्यम पेली यांना गाठले. दुसरा भाग पुष्कळ कापून दाखवला गेला.

परंतु या यशाची किंमत त्याच खोलीत मोजली जात होती. २३ जूनला हाल्डेमन यांनी सांगितले होते, की एफबीआयचे मार्क फेल्ट महत्त्वाकांक्षी असल्याने सहकार्य करतील. १९ ऑक्टोबरला त्याच हाल्डेमन यांना अध्यक्षांना सांगावे लागले, की बातम्या फेल्टच फोडत आहेत, आणि त्यांना हात लावला तर ते सगळेच उघड करतील. हे फेल्टच वुडवर्ड यांचे गुप्त सूत्र होते, ही गोष्ट २००५ मध्ये जाहीर झाली. ज्या यंत्रणेला वाकवायला गेले, तिच्यातल्याच माणसाच्या हाती त्यांनी स्वतःची मान दिली होती. आणि प्रचंड विजयानंतरही, १४ डिसेंबरला, निक्सन आपले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांना बजावत होते की प्रेस हा शत्रू आहे, प्राध्यापक हे शत्रू आहेत, हे फळ्यावर शंभर वेळा लिहा. निवडणूक संपली तरी प्रचार संपला नव्हता, कारण त्यांच्या लेखी राज्यकारभार आणि प्रचार यांत फरक उरला नव्हता.

परिणाम

हाल्डेमन यांना ३० एप्रिल १९७३ रोजी राजीनामा द्यावा लागला. पुढे ते दोषी ठरले आणि त्यांनी दीड वर्ष तुरुंगवास भोगला. १६ जुलै १९७३ रोजी व्हाइट हाउसमधील माजी सहायक अलेक्झांडर बटरफिल्ड यांनी सिनेटच्या समितीसमोर ध्वनिमुद्रण यंत्रणेची माहिती दिली. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिफिती देण्याचा आदेश ८ विरुद्ध ० मतांनी दिला, ५ ऑगस्टला २३ जूनचे संभाषण प्रसिद्ध झाले आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

कायद्याने त्यानंतर काही दारे बंद केली. १९७४ च्या दुरुस्तीने निवडणूक निधीवर स्वतंत्र आयोगाची देखरेख आली. १९७६ मध्ये एफबीआयच्या संचालकाची मुदत दहा वर्षांच्या एकाच कार्यकाळापुरती ठरली, जेणेकरून ग्रे यांच्यासारखा कायम होण्याच्या आशेवर असलेला माणूस अध्यक्षांच्या मर्जीवर टांगलेला राहू नये. १९७८ च्या कायद्याने अध्यक्षांचे कागद व ध्वनिफिती राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. हाल्डेमन यांच्या जागेला मात्र कोणी हात लावला नाही. अध्यक्षांचा चीफ ऑफ स्टाफ आजही सकाळी सरकारी कामाच्या यादीबरोबर पुनर्निवडणुकीची आणि बातम्यांची यादी घेऊन त्याच खोलीत जाऊ शकतो, आणि त्याने आणलेल्या उपायाला त्या खोलीत विरोध करण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.